मेनू वापरणाऱ्यांकडूनच लावून घ्या – कार्ड सॉर्टिंग आणि ट्री टेस्टिंग टूल्सचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, कारणं मग. वेबसाइटचा किंवा सॉफ्टवेअरचा मेनू नव्याने लावायचा असेल तर ही ऑनलाइन टूल्स घ्या, नक्की घ्या, पण त्यातलं कार्ड सॉर्टिंग बघून हुरळून जाऊ नका, पैसे वसूल होतात ते ट्री टेस्टिंगमध्ये. आणि दोन्ही केलंत तरी चार माणसांच्या शेजारी बसून त्यांचं बोलणं ऐकायचं काम उरतंच, ते कुठलंही टूल तुमच्यासाठी करत नाही.

बाजारात अशी बरीच टूल्स आहेत, ऑप्टिमल वर्कशॉप आहे, यूएक्सट्वीक आहे, मेझ आहे, आणि मूळ काम सगळ्यांचं एकच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका नावाचा नाही, त्या प्रकाराचा आहे. आम्ही जे वापरलं त्याबद्दल तक्रारीही आहेत, त्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण तुम्ही घ्याल त्यात त्या असतीलच असं नाही.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्ड सॉर्टिंगमध्ये मेनूतली एकेक गोष्ट एकेका कार्डावर लिहायची आणि लोकांना सांगायचं की तुम्हाला जे जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा. ग्रुपची नावं लोकांनीच द्यायची असतील तर ते ओपन, नावं आपण आधीच देऊन ठेवली तर क्लोज्ड, आणि आपली नावं ठेवून वर त्यांनाही नवीन ग्रुप करायची मुभा दिली तर हायब्रिड. ट्री टेस्टिंग याच्या उलट. मेनू तयार असतो, पण नुसता मजकूर, रंग नाही, आयकॉन नाही, सर्च नाही, आणि माणसाला एक काम देऊन विचारायचं की हे कुठे सापडेल, जा शोधत. ही उलटी पद्धत डोना स्पेन्सर यांनी २००३ मध्ये कागदी कार्डांवर मांडली होती, ऑनलाइन टूल्स नंतर आली. म्हणजे टूल घ्यायची ऐपत नसेल तरी कागदाच्या गठ्ठ्यावर हे सगळं होतं, फक्त हिशोब हाताने करावा लागतो.

आमचं काम होतं कर्मचाऱ्यांसाठीचं आतलं पोर्टल. रजा, पे-स्लिप, प्रवास खर्च, लॅपटॉपची तक्रार, ओळखपत्र, ट्रेनिंग, सगळं त्यात. जुना मेनू डिपार्टमेंटप्रमाणे लावलेला, एचआर, फायनान्स, आयटी, ॲडमिन, आणि प्रत्येकाखाली त्या त्या डिपार्टमेंटने आपापल्या गोष्टी टाकलेल्या. बहुतेक मोठ्या संस्थांचे मेनू असेच असतात, कारण मेनू ठरवायला जी माणसं बसतात ती डिपार्टमेंटची असतात, आणि प्रत्येकाला पहिल्या ओळीत आपली जागा हवी असते. आता ज्याला ओळखपत्र हरवल्याचं कळवायचंय त्याला काय माहीत की ते ॲडमिनचं काम आहे की आयटीचं की सिक्युरिटीचं? त्याने का लक्षात ठेवायचं?

ओपन कार्ड सॉर्टिंग लावलं आणि एका ताईंनी केलेला ग्रुप मी अजून विसरले नाही. ग्रुपचं नाव होतं ‘वर्षातून एकदाच लागतं’. त्यात टॅक्सची माहिती, वार्षिक मूल्यमापन, मेडिक्लेमचं रिन्यूअल, नॉमिनी बदलणं असं सगळं. आम्ही विषयाप्रमाणे लावत बसलो होतो आणि त्यांनी कॅलेंडरप्रमाणे लावलं. विचार केला तर किती बरोबर आहे, जी गोष्ट वर्षातून एकदा करायची असते तिची जागा कोणालाच आठवत नाही, ती नेमकी त्या महिन्यात समोर दिसायला हवी. असा ग्रुप मीटिंगमध्ये बसून कोणाला सुचला नसता, कारण मीटिंगमधली माणसं ती पानं सांभाळतात, वापरत नाहीत.

पण याच ठिकाणी टूलबद्दल माझा पहिला मोठा आक्षेप. हा ग्रुप रिपोर्टमध्ये जवळजवळ दिसतच नाही. टूल काय करतं, कुठली दोन कार्डं किती लोकांनी एकत्र ठेवली ते मोजतं आणि त्याचा एक निळा तक्ता देतं, जिथे रंग गडद तिथे लोकांचं एकमत. शिवाय एक झाडासारखा आलेख, डेंड्रोग्राम, त्यात फांद्या जुळत जुळत ग्रुप तयार झालेले दिसतात. दिसायला फार छान, आणि तीच अडचण आहे. तो आलेख इतका पक्का दिसतो की साहेब लोक म्हणतात झालं ना, हाच मेनू, लावून टाका. अहो, तो सरासरीचा आलेख आहे. एकाच माणसाला सुचलेली चांगली गोष्ट सरासरीत बुडते आणि तीन वेगवेगळ्या कारणांनी एकत्र ठेवलेली कार्डं एकाच फांदीवर जाऊन बसतात. कार्ड सॉर्टिंग तुम्हाला लोक कसा विचार करतात ते सांगतं, मेनू कसा असावा ते सांगत नाही, मधलं काम तुमचं आहे. टूल विकणाऱ्यांच्या डेमोमध्ये हे कोणी ठासून सांगत नाही, सांगायला पाहिजे.

किती लोक घ्यायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. यावर टलिस आणि वुड यांचा २००४ चा अभ्यास आहे, १६८ लोकांकडून कार्ड सॉर्टिंग करून घेतलं आणि मग बघितलं की कमी लोक घेतले असते तर उत्तर किती बदललं असतं. तंतोतंत जुळणं म्हणजे १ धरलं तर ५ लोकांचं उत्तर पूर्ण उत्तराशी ०.७५ च्या आसपास जुळलं, १५ लोकांचं ०.९० आणि ३० लोकांचं ०.९५. म्हणून १५ हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. स्क्रीन वापरून बघायच्या चाचणीला ५ लोक पुरतात हे ऐकून बरेच जण इथेही ५ वर थांबतात, ते नका करू, तिथे तुम्ही चुका शोधत असता, इथे लोकांच्या डोक्यातली मांडणी शोधताय आणि ती माणसागणिक बदलते. तुमचे वापरणारे वेगवेगळ्या प्रकारचे असतील, समजा ऑफिसात बसणारे आणि साइटवर फिरणारे, तर प्रत्येक प्रकारातले वेगळे घ्या आणि रिपोर्टही वेगळे काढून बघा. आमच्याकडे फिरतीवरच्या लोकांनी खर्चाचा क्लेम, टॅक्सीची विनंती आणि रजा हे तिन्ही एका ग्रुपमध्ये टाकलं होतं, कारण त्यांच्यासाठी हे सगळं ‘बाहेर असताना फोनवरून करायच्या गोष्टी’ होतं. दोन्ही गट एकत्र केल्यावर ते गायब. टूलमध्ये अशी चाळणी लावायची सोय आहे का ते पैसे भरण्याआधी बघा.

कार्डांवरच्या मजकुराची काळजी घ्या, हे मी दहा वेळा सांगीन. ‘रजेचा अर्ज’, ‘लॅपटॉपचा अर्ज’, ‘ओळखपत्राचा अर्ज’ अशी तीन कार्डं ठेवलीत की लोक अर्ज-अर्ज म्हणून ती एकत्र करणार, वाचायचीही गरज नाही. तुम्हाला वाटतं लोकांना अर्जांचा वेगळा विभाग हवाय, आणि प्रत्यक्षात त्यांनी फक्त सारखा शब्द जुळवलाय. म्हणून कार्डावर ‘सुट्टी मागणं’, ‘नवीन लॅपटॉप मिळवणं’ असं लिहा. आणि कार्डं साधारण ३० ते ६० च्या दरम्यान ठेवा. त्याहून जास्त झाली की शेवटची कार्डं लोक कंटाळून कुठेही टाकतात, तुम्हाला ‘इतर’ नावाचा एक भलामोठा ग्रुप मिळतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

फोनवर कार्ड सॉर्टिंग मात्र त्रासदायक निघालं. छोट्या स्क्रीनवर कार्ड उचलून खाली सरकवत न्यायचं, तोपर्यंत वरचे ग्रुप दिसेनासे होतात, मग माणूस जो ग्रुप समोर दिसतोय त्यातच टाकून मोकळा होतो. तो निकाल वापरायच्या लायकीचा नसतो. लोकांना लॅपटॉपवरच करायला सांगा, किंवा सरळ कागद.

आता ट्री टेस्टिंग, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

इथे सुद्धा प्रश्न लिहिण्यातच अर्धं काम आहे. ‘प्रवास खर्चाचा क्लेम कुठे कराल’ असं विचारलंत तर माणूस मेनूत प्रवास हा शब्द शोधणार आणि तुमची टेस्ट पास. त्याऐवजी आम्ही असं लिहिलं – कामासाठी दुसऱ्या गावी जाऊन आलात, टॅक्सीचे पैसे खिशातून दिलेत, पावती आहे, ते परत मिळवायला कुठे जाल? आणि बघा मजा, अर्ध्याहून जास्त लोक आधी ‘पगार आणि पैसे’ मध्ये गेले, तिथे नाही म्हणून परत फिरले, मग ‘प्रवास’ मध्ये. एकजण मोठ्याने म्हणाले, ‘‘अहो, मी पैशासाठी आलोय ना, प्रवास तर झाला माझा, मग प्रवासात कशाला जाऊ?’’ हे वाक्य मी जसंच्या तसं डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि कित्येक महिन्यांचा वाद तिथेच मिटला. तिकीट काढणं प्रवासात राहिलं, खर्च परत मिळवणं पैशात गेलं, आणि प्रवासाच्या पानावर त्याची एक लिंक ठेवली.

टूल इथे तीन गोष्टी दाखवतं, किती जण योग्य जागी पोचले, किती जण मागे न फिरता सरळ पोचले, आणि किती वेळ लागला. पहिला आकडा सगळे बघतात पण मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. शेवटी पोचले म्हणजे मेनू चांगला असं नाही, तीन दारं ठोठावून पोचलेला माणूस पुढच्या वेळी पोर्टल उघडतच नाही, सरळ फोन करतो. आणि पहिली क्लिक कुठे झाली ते वेगळं बघा. बॉब बेली यांच्या अभ्यासात असं दिसलं की पहिली क्लिक बरोबर पडली तर ८७ टक्के वेळा काम पूर्ण होतं, चुकीची पडली तर ४६ टक्केच. म्हणजे सगळी लढाई पहिल्या पातळीवरच्या पाच-सात नावांवर आहे, खालच्या पातळीवर डोकं फोडण्याआधी ती नीट करा.

पाच-सात म्हटलं म्हणून आठवलं, मेनूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत हा नियम कोणीतरी प्रत्येक मीटिंगमध्ये आणतंच. तो आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातून आलाय आणि तो लेख आहे माणसाच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीबद्दल. मेनू डोळ्यासमोर असतो, पाठ करायचा नसतो, त्याला तो नियम कशाला लागू होईल? उलट लार्सन आणि चेरविन्स्की यांनी १९९८ मध्ये ५१२ गोष्टींचे मेनू तीन प्रकारे लावून बघितले, ८-८-८ म्हणजे प्रत्येक पातळीवर आठ पर्याय असे तीन पातळ्यांचे, आणि एका पातळीवर १६ व दुसऱ्या पातळीवर ३२ किंवा याच्या उलट असे दोन पातळ्यांचे, त्यात तीन पातळ्यांचा मेनू सगळ्यात हळू ठरला. म्हणजे थोडं रुंद चालतं, खोल विहीर नको. पण हे सांगून मीटिंगमध्ये कोणी ऐकत नाही, आपल्याच मेनूची ट्री टेस्ट दोन प्रकारे करून दाखवली की ऐकतात. आम्ही तेच केलं, एक मेनू कमी नावांचा पण खोल, एक जास्त नावांचा पण उथळ, अर्ध्या लोकांना हा आणि अर्ध्यांना तो, प्रश्न तेच. उथळ मेनूने सरळ बाजी मारली आणि ज्यांचा सातचा हट्ट होता त्यांनी स्वतःहून सोडला. या एका सोयीसाठी मी टूलला पूर्ण मार्क देते, हातात पुरावा असला की वादात कोणाचं पद मोठं हे बघावं लागत नाही.

नावांच्या बाबतीत लोकांना सामील करून घेणं किती गरजेचं आहे त्यावर एक जुना अभ्यास आहे, फर्नास आणि सहकाऱ्यांचा, १९८७ चा. त्यात निघालं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच नाव देतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी. मग टेबलाभोवतीच्या चौघांनी एकमताने ठरवलेलं नाव बाहेरच्या हजार जणांना पटेलच असं आपण कशाच्या जोरावर धरतो? एकच परिपूर्ण नाव मिळणार नाही हे मान्य करा, सगळ्यात जास्त लोकांना चालेल ते घ्या आणि बाकीची नावं सर्चमध्ये पर्यायी शब्द म्हणून भरा. ओपन कार्ड सॉर्टिंगमध्ये लोकांनी लिहिलेली ग्रुपची नावं म्हणजे अशा शब्दांची तयार यादीच असते, ती फेकू नका. आमच्या सर्चला याचा जो फायदा झाला तो आम्ही ठरवूनही मिळवला नसता.

आता टूल काय सांगत नाही ते. एक म्हणजे का. माणूस ‘माझी माहिती’ मध्ये गेला आणि दोन सेकंद थांबून परत आला हे रिपोर्टमध्ये दिसतं, तो का गेला ते दिसत नाही. त्यासाठी काही जणांबरोबर प्रत्यक्ष किंवा कॉलवर बसा आणि त्यांना मोठ्याने बोलत बोलत करायला सांगा. वरचं टॅक्सीच्या पावतीचं वाक्य असंच मिळालं, नुसती लिंक पाठवून कधीच मिळालं नसतं.

दुसरं, ट्री टेस्टिंगमध्ये मेनू दिसतो कसा हे तपासलंच जात नाही. तुम्ही एवढा छान मेनू लावलात आणि डिझाइनवाल्यांनी तो तीन रेघांच्या आयकॉनमागे लपवला तर सगळं वाया. वेबसाइट वापरायला किती सोप्या ते तपासणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रुप या कंपनीने २०१६ मध्ये १७९ लोकांवर हे तपासलं होतं, मुख्य मेनू लपवला की लोकांना गोष्टी सापडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मोबाइलवर जागा नसते हे खरं, पण मोठ्या स्क्रीनवर लपवायचं कारणच काय? तेव्हा ट्री टेस्ट पास झाली म्हणून थांबू नका, खरी स्क्रीन तयार झाल्यावर पुन्हा माणसं बसवा.

तिसरं, वेबसाइटला हे टूल जितकं लागू पडतं तितकं रोज आठ तास वापरायच्या सॉफ्टवेअरला पडत नाही. तिथे माणूस शोधत नाही, त्याचा हात सवयीने जातो. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कमी वापरल्या जाणाऱ्या कमांड आपोआप लपवणारे मेनू दिले होते, हेतू चांगला, पण आज इथे दिसलेली गोष्ट उद्या तिथे नाही, लोक वैतागले. नंतर ऑफिस २००७ चं रिबन, म्हणजे मेनूऐवजी वर आलेली बटणांची पट्टी, करताना त्यांनी ज्या वापरणाऱ्यांनी परवानगी दिली होती त्यांच्याकडून प्रत्यक्ष वापराची माहिती गोळा केली, त्यात वर्ड २००३ मधल्या एकूण कमांड वापरापैकी साधारण ३२ टक्के फक्त पाच कमांडचा निघाला, पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. असा आकडा कार्ड सॉर्टिंगमधून येणारच नाही, तो वापराच्या नोंदीतूनच येतो. तुमचं सॉफ्टवेअर असं असेल तर आधी नोंदी बघा, मग माणसांशी बोला, कार्डं शेवटी. आणि रिबनवरही सुरुवातीला केवढी ओरड झाली होती, वर्षानुवर्षांची सवय मोडायची म्हणजे लोक चिडणारच, ते धरून चाला आणि जुन्या जागेवरून नवीन जागा कुठे ते दाखवायची सोय ठेवा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे. लिंक पाठवली, लोकांनी कार्डं सरकवली, आपण रिपोर्ट काढला, याला लोकांचा सहभाग म्हणायचं का? सत्तरच्या दशकात नॉर्वेमध्ये कॉम्प्युटर शास्त्रज्ञ क्रिस्टन नायगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम केलं होतं, तिथून जी सहभागी डिझाइनची परंपरा सुरू झाली तिचा मुद्दा हाच होता की कामगारांच्या कामावर येणाऱ्या कॉम्प्युटर सिस्टीमबद्दल कामगारांना नुसतं विचारायचं नाही, ठरवण्यात वाटा द्यायचा. आम्ही यातून एवढंच उचललं की शेवटच्या नावांच्या मीटिंगला कार्ड सॉर्टिंग केलेल्यांपैकी काहींना बोलावलं, त्यात फिरतीवरचेही होते आणि रिसेप्शनवरच्या मॅडमही. त्या मॅडमनी सांगितलं की त्यांना रोज सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ‘पाहुण्यांसाठी वायफाय कसं मिळेल’ हा आहे, आणि तो आमच्या कार्डांमध्ये नव्हताच! जे कार्ड तुम्ही लिहिलंच नाही ते कोणी कुठल्या ग्रुपमध्ये टाकणार? म्हणून कार्डं लिहितानाच हेल्पडेस्कवाले, रिसेप्शन, नवीन लागलेला माणूस यांना बसवा. टूलमध्ये रिकामी कार्डं ठेवायची सोय असेल तर चालू करा, लोक त्यावर स्वतःचं लिहू शकतात.

बाकी किरकोळ. लोकांना दिसणाऱ्या सूचना आपल्या भाषेत बदलता येतात का ते बघा, आमच्याकडे सूचना बदलता आल्या पण एक-दोन बटणं इंग्रजीतच राहिली आणि काही जण तिथेच अडकले. फुकटच्या प्लॅनमध्ये कार्डांची किंवा उत्तरांची मर्यादा असू शकते, १५ लोकांआधीच दार बंद होत असेल तर त्या प्लॅनचा उपयोग नाही. कच्चा डेटा एक्सेलमध्ये काढता येतो की नाही ते पक्कं विचारा, टूल बदललंत तर तोच हातात राहतो.

मार्क द्यायचे तर कार्ड सॉर्टिंगला ५ पैकी ३.५, ट्री टेस्टिंगला ५ पैकी ५. एकाच गोष्टीपुरता वेळ असेल तर आहे तो जुना मेनू तसाच उचलून त्याची ट्री टेस्ट करा, काय बिघडलंय ते त्यातच दिसतं आणि नव्या मेनूची तुलना करायला आधीचे आकडे हातात येतात. प्रश्न जपून ठेवा, पुढे कोणी डिपार्टमेंट नवीन विभाग टाकायला मागेल तेव्हा तेच प्रश्न पुन्हा चालवायचे आणि आकडे खाली आले तर तो विभाग घ्यायचा नाही, आम्ही हा नियम लेखी करून घेतलाय.